भिंतीवरची निरोगी बाई

आमच्या प्रयोगशाळेत निरोगी माणूस म्हणजे एल्नाबाई तूव्हेसन. हे कौतुक नव्हे, ती कामाची रीत होती. रुग्णाचं रक्त वाढायला लावलं की शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्तही त्याच दिवशी, त्याच औषधात लावायचं. मग काही विपरीत दिसलं तर खोट रुग्णात आहे की आमच्या पाण्यात, ते कळतं. या दुसऱ्या बाटलीला आम्ही कंट्रोल म्हणायचो. सुरुवातीला सगळ्यांनी आळीपाळीने दंड पुढे केले. माझ्या पेशी आळशी निघाल्या, आमच्या प्रमुखांच्या, व्हाल्ग्रेन डॉक्टरांच्या तर विभागायलाच राजी नव्हत्या. एल्नाबाईंच्या मात्र भराभर विभागायच्या आणि काचेवर छान ऐसपैस पसरायच्या. त्यामुळे १९६१ पासून कंट्रोल म्हणजे त्याच. त्यांची शेहेचाळीस गुणसूत्रं जोडीजोडीने चिकटवलेला कागद काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. खाली लिहिलं होतं, 'निरोगी स्त्री'. नाव घालायची पद्धत नव्हती. दर शुक्रवारी त्या स्वतःच ती काच पुसायच्या. मी हसले की म्हणायच्या, "हसतेस काय, बार्ब्रो? तुझं लावलं असतं तर विद्यार्थी घाबरून घरी गेले असते."

एल्नाबाई बुटक्या, रुंद, बारा महिने लोकरी जाकीट घालणाऱ्या. माल्मोच्या बाहेर बीटाच्या शेतांत त्यांचं माहेर आणि तिथेच पुढे सासर. नवरा निल्स वारला तेव्हा हॉकन, एकुलता एक मुलगा, शेवटच्या इयत्तेत होता. शिक्षण म्हणावं तर सात वर्षांची गावची शाळा, पण हात असा की मोठमोठे डॉक्टर त्यांच्यामागे उभे राहून बघत.

काम असं असायचं. रक्तात राजम्यातून काढलेला अर्क घालायचा, म्हणजे झोपलेल्या पेशी जाग्या होतात. तीन दिवस बाटली अंगाच्या उबेत ठेवायची. तिसऱ्या दिवशी पेशी विभागायला लागल्या की शरदात फुलणाऱ्या एका विषारी फुलाचं औषध टाकायचं. त्याने पेशी विभागता विभागता मध्येच थांबतात. सगळी गुणसूत्रं दुप्पट झालेली, आखडून जाड झालेली, दोन बाजूंना ओढली जायला तयार, आणि तिथेच अडकलेली. तेवढ्या घटकेलाच ती नीट दिसतात. मग कमी मिठाच्या पाण्यात पेशी फुगवायच्या आणि थेंब उंचावरून गार ओल्या काचेवर टाकायचा, म्हणजे पेशी फुटून आतलं सगळं पसरतं. एल्नाबाई त्यासाठी लाकडी स्टुलावर चढायच्या. मग फोटो काढायचा, मोठा करायचा आणि नखं कापायच्या कात्रीने शेहेचाळीस तुकडे कापून जोड्या लावायच्या. इतरांना तास लागे. बाई वीस मिनिटांत कागद पुढे ढकलून कॉफीला जायच्या.

कॉफीला वेलचीचे पाव असायचे आणि एल्नाबाईंचं तोंड सुटायचं. "पेशीसारखं न्यायी कुणी नाही गं," त्या म्हणायच्या. "आधी घरातलं सगळं दुप्पट करते. मग मधोमध रांगेत मांडते. मग दोन्हीकडून सारखं ओढून घेते. चमचासुद्धा इकडचा तिकडे नाही. आणि आमचे दोघे दीर! बापाच्या एका घोड्यावरून वीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत."

मला त्या आवडायच्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्या काही फार चांगल्या दिसत नाहीत. मीही दिसत नाही.

त्यांची सून गुनेल. शहराची बस चालवायची. उंच, हाडापेराची, कुणाला न जुमानणारी मुलगी. तेव्हा देशभर सगळ्यांनी सगळ्यांना 'तू' म्हणायची टूम निघाली होती आणि गुनेलने पहिल्या दिवसापासून सासूला सरळ "एल्ना, तू साखर घेतेस का?" केलं. एल्नाबाईंना ते झोंबायचं. पण खरं दुखणं वेगळं होतं. चार वर्षांत गुनेलचं तीनदा पोट पडलं. पहिल्यांदा बाई गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा मी तिथेच होते, ऑगस्टमध्ये त्यांच्या अंगणात खेकड्यांच्या जेवणाला. गुनेल ताटं उचलत होती आणि बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दिवसभर त्या बसच्या चाकावर आदळतेस. पोटातल्या जिवाला गचके कोण मोजून देणार? कोंबडीसुद्धा अंडी उबवताना एका जागी बसते."

गुनेलने ताटं खाली ठेवली. "मग कोंबडीच करायची होतीस सून," ती म्हणाली आणि आत गेली. हॉकन खेकड्याची नांगी फोडत राहिला. तो रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता, स्वभावाने गरीब, आईपुढे तर अगदीच.

पण बोललेलं लागतं ते लागतंच. त्या हिवाळ्यात गुनेलने बस सोडली आणि तिकिटाच्या खिडकीत बसायला लागली. तिला ते काम मुळीच आवडत नव्हतं. खिडकीत बसूनही तिसरं गेलंच. त्या वेळी रक्त इतकं गेलं की दोन दिवस तिच्या जिवाची खात्री नव्हती.

त्याच्या आधी, दुसऱ्यानंतर, एल्नाबाईंनीच हट्टाने सुनेचं रक्त आमच्याकडे तपासलं होतं. शेहेचाळीस, सगळं जागच्या जागी. तेव्हा व्हाल्ग्रेन डॉक्टर म्हणाले होते, "मुलाचंही बघू या ना एकदा."

"हॉकनचं काय बघायचंय?" बाई म्हणाल्या. "तो माझा आहे. माझं चित्र भिंतीवर आहे."

आम्ही सगळे हसलो होतो. डॉक्टरही हसले. आज आठवलं की मला स्वतःचा राग येतो, कारण त्या हसण्यातच तो प्रश्न निकालात निघाला.

१९७२ च्या शरदात नवी पद्धत आली. मलेरियाच्या औषधाच्या जातीचा एक रंग लावायचा आणि जांभळ्या किरणांत बघायचं. गुणसूत्रांवर उजळ-मंद पट्टे उमटत, आणि प्रत्येक जोडीचे पट्टे निराळे. तोवर आम्ही नुसत्या लांबीवरून आणि मधल्या बारीक कमरेच्या जागेवरून ओळखत होतो, म्हणजे माणसं फक्त उंचीवरून ओळखावीत तसं. डॉक्टर म्हणाले, "आधी निरोगी माणसावर हात बसवा." म्हणजे कुणाचं रक्त, हे सांगायला नको.

दोन नोव्हेंबरला, गुरुवारी, मी अंधाऱ्या खोलीत बसून ते पाहिलं. पाचव्या जोडीतल्या एकाचं टोक चुकीचं होतं. त्याचे पट्टे अकराव्याचे होते. आणि अकराव्या जोडीतल्या एकाला पाचव्याचं टोक. दोघांनी सारख्याच लांबीचे तुकडे बदलले होते, म्हणून जुन्या पद्धतीत त्यांची उंची तशीच दिसत होती. मला वाटलं रंग बिघडला. दुसरी पेशी पाहिली, दहावी पाहिली. सगळीकडे तेच.

खरं म्हणजे मी तेव्हाच डॉक्टरांकडे जायला हवं होतं. मी काय केलं, तर फोटो काढले आणि दुपारी नेहमीसारखे बाईंच्या टेबलावर ठेवले. सांगण्याचा धीर नव्हता. त्यांच्या कात्रीनेच त्यांना सांगावं, असा भ्याड विचार.

वीस मिनिटं झाली. पस्तीस झाली. मी बघितलं तर कागदावर एकवीस जोड्या लागलेल्या आणि चार तुकडे बाहेर. बाई ते चार तुकडे बोटाने फिरवत होत्या. पाचवं पाचव्याजवळ नेत, परत मागे घेत.

"कुणाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"कंट्रोल," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, जाकिटाला पुसला, परत लावला. "अदलाबदल झालीये," त्या म्हणाल्या. "कमी काहीच नाही. नुसतं याचं त्याच्या घरात आणि त्याचं याच्या घरात. म्हणून बावन्न वर्षं मी ठणठणीत." मग त्यांनी चारही तुकडे एका रांगेत मांडले. "साधी विभागणी करताना पेशीला काय फरक पडतो? जे आहे त्याची नक्कल, दोन्हीकडे सारखी. पण बीज तयार होताना जोडीतल्या दोघांना आधी गळाभेट घ्यावी लागते, बार्ब्रो. मग निम्मे इकडे, निम्मे तिकडे. माझ्या या चौघांनी एकमेकांना कसं धरायचं? कुणाचा हात कुणाच्या हातात. ओढताना कोण कुठे जाईल त्याचा नेम नाही. एखाद्या बीजात याचा तुकडा दोनदा, त्याचा एकदाही नाही. असलं पोर टिकत नाही."

"बाई, तुमची..."

"हॉकनच्या आधी दोन गेली, नंतर एक," त्या म्हणाल्या. "सासूबाई म्हणायच्या, बीटाच्या टोपल्या उचलतेस म्हणून." इतकं बोलून त्यांनी चारही तुकडे एका पाकिटात घातले आणि पाकीट जाकिटाच्या खिशात टाकलं.

डॉक्टरांना संध्याकाळी कळलं. ते भले गृहस्थ. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "कंट्रोलला नाव नसतं, एल्ना. कुणाला कळवायचं बंधन नाही. उद्यापासून दुसऱ्या कुणाचं रक्त घेऊ. पुढचं तू ठरव." त्यांना वाटलं, आपण मोकळीक देतोय. दिली ती पळवाट.

सोमवारी बाईंनी हॉकनला बोलावून घेतलं. नव्या पद्धतीसाठी निरोगी पुरुष हवाय, असं त्याला सांगितलं. तो कामाच्या डगल्यातच आला, बाही वर केली आणि मला म्हणाला, "आईच्या शेजारी टांगणार का मला? मग कंगवा तरी फिरवू दे." बाईंनी सुई टोचताना वर पाहिलं नाही. मी त्याला काहीच बोलले नाही. लेकाला खोटं सांगून त्याचं रक्त घेतलं जात होतं आणि मी कापूस धरून उभी होते.

शुक्रवारी दहा तारखेला निकाल आला. तीच अदलाबदल, पाचवं आणि अकरावं, जशीच्या तशी.

त्याच संध्याकाळी मार्टिनचा सण होता. आमच्या भागात त्या दिवशी हंस भाजतात आणि त्याच्याच रक्ताचं काळं सूप करतात. बाईंनी मुलगा, सून आणि मला, असं महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. मी वाटेत म्हणाले, "आज सांगा. सगळे एकत्र आहेत." त्यांनी मान हलवली. मला तो होकार वाटला.

जेवणाला आम्ही चौघं बसलो. हॉकन सूप पीत होता, गुनेल चमचा ढवळत होती. तिचं तोंड उतरलेलं होतं. बाईंनी तिला हंसाचा चांगला तुकडा वाढला, सफरचंद वाढलं, परत वाढलं. मी इतक्या वर्षांत त्यांना सुनेला असा आग्रह करताना पाहिलं नव्हतं. गुनेलनेही ते ओळखलं असावं, कारण ती म्हणाली, "एल्ना, आज काय झालंय तुला? एवढं वाढतेस, मला विकायला काढतेयस की काय?"

सगळे हसले. बाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता. "बटाटे गार होतील," त्या म्हणाल्या.

मग गुनेल म्हणाली की पुढचा आठवडाभर ती गोथेनबर्गला बहिणीकडे जातेय. हॉकनने ताटात पाहिलं. बाई म्हणाल्या, "जा की. बदल बरा."

मी भांडी घासायच्या निमित्ताने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. रागाने माझा आवाज चिरकत होता. "तिच्या मानगुटीवर तीन वर्षं दोष बसवलात. आता खरं कळलंय तर बटाटे!"

"आपण एका बाटलीवर निकाल देतो का?" त्या म्हणाल्या. "दोन लावल्याशिवाय सही करतो का? हॉकनची दुसरी बाटली आजच लावलीये. ती येऊ दे. चूक असली तर उगाच त्या पोराच्या डोक्याला..."

"चूक आहे असं वाटतं तुम्हाला?"

त्या ताटली पुसत राहिल्या. ती कोरडी झाली होती तरी पुसत होत्या. "गप्प बैस, बार्ब्रो," त्या म्हणाल्या. मीही बसले. दोन बाटल्यांचा नियम आमच्या कामात देवाच्या आज्ञेसारखा. त्याच्या आड मीही लपले.

दुसऱ्या बाटलीचा निकाल मंगळवारी आला. अर्थात तोच. बुधवारी बाई म्हणाल्या, गुनेल गोथेनबर्गला आहे, आल्यावर बघू. त्या दिवसांत त्या नीट जेवत नव्हत्या. एकदा कात्री हातात धरून त्या कितीतरी वेळ नुसत्या बसून होत्या. मला त्यांची दया येत होती आणि चीडही. दोन्ही एकदम येतात.

रविवारी, एकोणीस तारखेला, त्यांनी सकाळी मला फोन केला. "गाडी काढ. ती आलीये घरी. आधी तिला सांगणार, मग हॉकनला. दोष तिला दिला होता, तर आधी तिच्याकडेच जायला हवं."

गुनेलने दार उघडलं. घरातला झगा, केस विस्कटलेले. हॉकन कारखान्यात जादा पाळीला गेला होता. ती आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली, भिंतीला हात टेकत, सावकाश. खुर्चीवर बसताना तिने पोट धरलं. मी ते पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही, त्या पाकिटातून कागद काढत होत्या.

त्यांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. "हा माझा. हा हॉकनचा," त्या म्हणाल्या. मग सगळं सांगितलं. तुकडे कसे बदललेत, साध्या विभागणीत ते कसं झाकून राहतं, बीज होताना कसा घोळ होतो. शेवटी म्हणाल्या, "तुझं काही नव्हतं. माझ्याकडून हॉकनकडे गेलं. मी तुला नाही नाही ते बोलले. ते खोटं होतं."

गुनेल कागदांकडे बघत होती. "बसचं काही नव्हतं?"

"नव्हतं."

"गचक्यांचं?"

"नाही गं. तू बस चालवली असतीस काय, झोपून राहिली असतीस काय."

"मी तीन हिवाळे त्या खिडकीत काढले," गुनेल म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे आम्हाला कधी होणारच नव्हतं?"

एल्नाबाईंच्या अंगात जीव आला. हे सांगायलाच त्या आल्या होत्या. "होणार नाही कसं? हॉकन झालाच की. चारांतली दोन बरी निघू शकतात, कधी कमी, कधी जास्त. शिवाय आता पोटातल्या बाळाभोवतीच्या पाण्यावरून आधी बघता येतं. आमच्याकडेही सुरू होतंय. तू मनात आणलंस तर मी स्वतः..."

"सोमवारी माझ्या नळ्या बांधल्या," गुनेल म्हणाली.

बाईंना कळलं नाही.

"तेरा तारखेला. इथेच, माल्मोत. गोथेनबर्ग वगैरे काही नाही, ते तुझ्यासाठी सांगितलं होतं. त्याला सरकारची मंजुरी लागते, ती सप्टेंबरातच आली होती. मीच पुढे ढकलत होते. डॉक्टर म्हणाले, तुझं शरीर मूल धरत नाही, चौथ्यांदा जगणार नाहीस." तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "तुला हे केव्हा कळलं?"

मला वाटलं, बाई म्हणतील, काल. कुणाला कळणार होतं? प्रयोगशाळेच्या वह्या कोण उघडणार? मी तर जन्मात तोंड उघडलं नसतं. त्या क्षणी मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते की म्हणा, काल.

"माझं दोन तारखेला," एल्नाबाई म्हणाल्या. "हॉकनचं दहाला."

"दहाला. म्हणजे हंस खाताना तुला माहीत होतं."

"हो."

गुनेल ओरडली नाही. तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि बाईंच्या हातात दिले. "हॉकन चार वाजता येतो," ती म्हणाली. "तू थांब. हे त्याला तूच सांग. मला पडायला हवं, टाके ओढताहेत."

ती भिंतीला धरून आत गेली. दार लागलं. तेव्हा साडेबारा झाले होते. मी बाईंना कोट काढा म्हणाले, पाणी देऊ का म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. चार वाजेपर्यंत त्या कोट अंगात, कागद मांडीवर घेऊन त्याच खुर्चीत बसून राहिल्या, आणि जिन्यावर पावलं वाजली तेव्हा उठून उभ्या राहिल्या.